माजी सैनिकांचा संघ आणि आपण बायका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावेत असे मंडळाने ठरवले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावाला, मध्ये ओढा, आणि घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला कोणी नाही. तेवढ्यावर शाळा संपली. भाषण करण्याची सवय नाही ती नाहीच. पण विषय आपल्या गावच्या माजी सैनिक संघाचा आहे असे कळले आणि मी कबूल झाले. कारण या संघाला मी एके काळी मनसोक्त नावे ठेवली आहेत, आणि ती ऐकणाऱ्या पुष्कळजणी आज इथे बसल्या आहेत.

माझे माहेर सातारा तालुक्यातले. जवळच अपशिंगे. त्या गावाला सगळे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले असे तिथे सांगतात, आणि त्यांच्या आठवणीसाठी इंग्रज सरकारने बांधलेला स्तंभ गावात आहे. लहानपणी मावशीकडे गेलो की आम्ही पोरी त्या स्तंभाभोवती शिवाशिवी खेळत असू. त्या युद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. १९१५-१६ साली कूत-अल-अमारा या गावी वेढ्यात अडकून उपाशीही राहिल्या. ते गाव नकाशात कुठे आहे हे मला माझ्या मुलीने अलीकडे दाखवले. गेलेल्या त्या ४६ जणांच्या बायकांची नावे काय होती, हे मात्र मावशीलाही सांगता आले नाही.

सासर इकडे तासगाव तालुक्यात. सातारा आणि सांगली हे पूर्वी एकच होते. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. त्यामुळे मामंजी मला थट्टेने म्हणायचे, “पोरी, तू काय परमुलखात आलेली नाहीस.” खरेच, दोन्हीकडची तऱ्हा एकच. पाऊस बेभरवशाचा, रान थोडे, भाऊ पुष्कळ. मग एकाने शेत बघायचे आणि एकाने बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती व्हायचे. आपल्याच तालुक्यातल्या मणेराजुरीच्या पांडुरंग साळुंखे यांना १९७१ च्या लढाईत मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. आमच्या घरी मामंजी मराठा पलटणीत हवालदार होऊन १९८१ साली परत आले, आणि त्यांच्यामागून आमचे हे १९९७ साली त्याच वाटेने गेले.

संघाची खोली आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. चावडीच्या मागे पत्र्याची खोली, पुढे लिंब, लिंबाखाली बाकडे. मी २००१ साली लग्न होऊन आले तेव्हापासून पाहते, त्या बाकड्यावर सकाळ-संध्याकाळ मिशीवाली मंडळी बसलेली. चहा, वर्तमानपत्र, आणि कधी पत्त्यांचा डाव. पाणी आणायला त्या वाटेने जायचे म्हणजे पदर सावरून, मान खाली घालून जायचे. मामंजींचा निम्मा दिवस तिथेच जाई. मी सासूबाईंना म्हणायची, “यांच्या लढाया काही संपत नाहीत. जेवायला बोलवायलासुद्धा पोराला धाडावे लागते.” सासूबाई म्हणायच्या, “जाऊ दे गं. तिथं बसल्यावर रातीला झोप लागती त्यांना.” त्या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

२०१० साली मामंजी गेले. हे तेव्हा काश्मीरात. रजा मिळून आले, दिवस-कार्य झाले, आणि परत गेले. घरी मी, सासूबाई आणि दोन लहान मुले. आता पुढचे सांगते ते सासूबाईंना विचारूनच सांगते. त्या समोर बसल्या आहेत, चुकले तर दुरुस्त करतील.

मामंजींची पेन्शन बंद झाली. नियमाप्रमाणे पुढे सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचे, शेवटच्या पगाराच्या ३० टक्क्यांच्या हिशेबाने. आम्ही मृत्यूचा दाखला घेऊन गेलो. ज्या कचेरीत गेलो तिचे नाव घेत नाही. तिथल्या साहेबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “पीपीओवर हौसाबाई आहे. तुमच्या रेशनकार्डावर सुमन आहे. ही हौसाबाई कोण?”

सासूबाई म्हणाल्या, “मीच की. माहेरी हौसा, लगीन झाल्यावर सुमन केलं.”

साहेब म्हणाले, “आम्हाला कसे कळणार? त्यांची पहिली बायको असेल.” आणि शेजारचे दोघे हसले.

बायांनो, बेचाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला हे ऐकावे लागले. त्या तिथे काही बोलल्या नाहीत. एसटीत बसल्यावर तासगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होत्या. घरी आल्यावर मला एवढेच म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे ती पेन्शन.”

झाले होते असे. लग्न १९६८ सालचे. आपल्याकडे नवरीचे नाव बदलायचे, तांदळात अंगठीने नवे नाव लिहायचे, पेढे वाटायचे. हौसाची सुमन झाली. पण पलटणीत लग्नाची नोंद करायची वेळ आली तेव्हा मामंजींनी कारकुनाला सांगितले ते त्यांच्या मनातले नाव, मामाच्या पोरीचे लहानपणापासूनचे नाव. तेच ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये गेले, तेच डिस्चार्ज बुकात उतरले. इकडे गावात रेशनकार्ड, मतदारयादी, बँक सगळीकडे सुमन. एकाच बाईच्या दोन बाया झाल्या, आणि चाळीस वर्षांत कोणी ते कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. मामंजींची पत्र्याची ट्रंक कुलपात असायची आणि ‘बायकांनी कागदाला हात लावायचा नाही’ हा घरचा कायदा.

ह्यांच्या मनिऑर्डरवर, म्हणजे बँकेत येणाऱ्या पैशांवर घर चालत होते. सासूबाईंनी माझ्याकडे कधी काही मागितले नाही. चारपाच महिन्यांनी मला शेजारणीकडून समजले की दुपारी ‘देवळात जाते’ म्हणून त्या बेदाणा निवडायला जातात. हवालदाराची बायको, साठीची, रोजावर बेदाणे निवडत होती आणि संध्याकाळी हात धुऊन घरी येत होती. आणखी एक गोष्ट मला त्यांच्या उशाखाली सापडली. रक्तदाबाच्या गोळीचे अर्धे अर्धे तुकडे. पाकीट दुप्पट दिवस पुरावे म्हणून. त्या दिवशी मी तिच्यावर, म्हणजे सासूवर, ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचे.

दुसऱ्या दिवशी मी संघाच्या बाकड्यापुढे जाऊन उभी राहिले. पत्त्यांचा डाव चालला होता तो थांबला. सुभेदारमामा तेव्हा संघाचे कामकाज बघत. मी रडतरडत काय सांगितले ते मला आठवत नाही. त्यांनी ऐकून घेतले, खोलीतून एक जाड वही आणली आणि म्हणाले, “अशी आमच्याकडे तुमची सातवी केस आहे. ट्रंक उघडा आणि असेल तो प्रत्येक कागद घेऊन या. किल्ली नसेल तर कुलूप फोडा.”

कुलूप मी पाट्याच्या वरवंट्याने फोडले.

त्यानंतर चौदा महिने लागले. ते सगळे सांगत बसत नाही, पण काम कसे होते ते आपल्याला कळावे म्हणून थोडे सांगते. दोन्ही नावांची बाई एकच, असे तहसील कचेरीत सासूबाईंचे प्रतिज्ञापत्र. माहेरच्या ग्रामपंचायतीचा दाखला. शाळेचा दाखला नाही, कारण शाळा पाहिलेली नाही. म्हणून तिच्या लग्नात हजर असलेले दोन साक्षीदार. त्यातला एक ऐंशीचा चुलतभाऊ, त्याला जीपमध्ये उचलून बसवून आणला. वर्तमानपत्रात जाहिरात. मग जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिफारशीने सगळे कागद बेळगावला रेकॉर्ड ऑफिसात. तिथून नोंद दुरुस्त होऊन अलाहाबादला, तेव्हा प्रयागराज हे नाव झाले नव्हते. तिथून सुधारलेला पीपीओ, आणि मग बँक. प्रत्येक ठिकाणी एक प्रत आपल्याजवळ ठेवायची आणि पोहोच घ्यायची, हे मला सुभेदारमामांनी शिकवले. अर्ज मी लिहायची. पहिला अर्ज त्यांनी तीनदा फाडला. “सातवी शिकलीस ना? मग ‘निवृत्तिवेतन’ नीट लिही.” चौथ्या खेपेस नीट आला. आता मला ते झोपेतसुद्धा लिहिता येते.

मागच्या थकबाकीसकट पैसे जमा झाले त्या दिवशी सासूबाईंनी संघात पेढे दिले. मामांनी एक खाल्ला आणि विचारले, “सूनबाई, तुझे नाव तुझ्या नवऱ्याच्या कागदात काय आहे?”

मला ठाऊक नव्हते! लग्नाला दहा वर्षे झाली होती. फोन करून ह्यांना विचारले. हे म्हणाले, “असेल की बरोबर.” ‘असेल की बरोबर’ हे शब्द सगळे नवरे वापरतात, त्यात पलटणीतला आणि शेतावरचा असा फरक नाही. पुढच्या रजेत उतारा आणवला. माझे नाव माहेरचे, आणि मुलीची जन्मतारीख चुकलेली. हे नोकरीत असल्यामुळे दुरुस्ती पलटणीतल्या पलटणीत झाली, फार त्रास पडला नाही. माणूस नोकरीत असताना जे काम एका अर्जावर होते, तेच तो गेल्यावर चौदा महिने खाते.

हे २०१४ साली निवृत्त होऊन आले. तो काळही सोपा नव्हता. पहाटे चारला उठून सगळ्यांना उठवायचे, चपला एका रांगेत का नाहीत म्हणून मुलांना दटावायचे, आणि दुपारी मात्र अंगणात नुसते बसून राहायचे. रात्री मध्येच उठून दाराची कडी बघायचे. मला मग सासूबाईंचे ते जुने बोलणे आठवले. मी स्वतः ह्यांना म्हटले, “जा की जरा लिंबाखाली.” तिथे सारखी रात्र काढलेली माणसे भेटतात. घरी मला जे सांगता येत नाही ते तिथे न सांगताही कळते. पत्त्याच्या डावाला मी त्यानंतर कधी नाव ठेवले नाही.

आता हे पहाटे भरतीच्या पोरांना पळवतात. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत, बीमवर दहा पुलअप्स, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून पार. पोरे दमली की त्यांना मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगतात. ते आपल्याच जिल्ह्यातले, पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक घेऊन आले. पोरे ऐकतात आणि पुन्हा पळतात. परंतु एक काळजी संघात आहे ती इथे सांगायला हवी. २०२२ पासून भरती अग्निवीर म्हणून होते. चार वर्षांची नोकरी, त्यातल्या २५ टक्क्यांपर्यंत मुलांना पुढे ठेवणार, बाकीची परत. परत येणाऱ्यांना एकरकमी पैसे आहेत, पेन्शन नाही, ईसीएचएसचा दवाखाना नाही. त्यांना संघाचे सभासद करून घ्यायचे का, यावर बैठकीत दोनदा भांडण झाले. हे म्हणतात, वर्दी घातली तो सैनिक. काही जुने म्हणतात, पेन्शनच नाही तर त्याचे काम संघाने काय करायचे? मला विचाराल तर ज्याला पेन्शन नाही त्यालाच आधी बाकड्यावर जागा द्यावी. मला कोणी विचारले नाही, ही गोष्ट वेगळी.

संघाची बाकीची कामे आपण पाहतोच. नोव्हेंबरात हयातीचे दाखले. पूर्वी म्हाताऱ्या बायांना बँकेच्या पायरीवर तासन्‌तास बसावे लागे. २०१४ पासून अंगठ्यावर संगणकाने दाखला निघतो, आणि आता तर मोबाईलवर चेहरा दाखवूनही. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी, १६ डिसेंबरला विजय दिवस. कऱ्हाडला कर्नल संभाजीराव पाटील यांनी सुरू केलेला विजय दिवसाचा मोठा समारंभ होतो, तिकडे संघाची गाडी जाते. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आपल्या संघातले सहाजण दोर आणि ट्यूब घेऊन गेले होते आणि आठ दिवस आले नाहीत. आपल्या मंडळाने तेव्हा भाकरी पाठवल्या. संघाने आणि मंडळाने मिळून केलेले ते एकच काम, असे मला वाटते.

आणि एक काम असे आहे की ते करायची वेळ येऊ नये. २०१५ च्या नोव्हेंबरात साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक कुपवाड्यात धारातीर्थी पडले. मी माहेरी होते, म्हणून भावाबरोबर गेले होते. केवढी गर्दी! त्या गर्दीत रस्ता मोकळा ठेवणारे, म्हाताऱ्यांना पाणी देणारे, मुलांना खांद्यावरून उतरवणारे पिकल्या केसांचे माजी सैनिक सगळीकडे दिसत होते. कोणी त्यांना नेमले नव्हते. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक पुढे परीक्षा देऊन, प्रशिक्षण घेऊन २०१७ साली स्वतः सैन्यात लेफ्टनंट झाल्या. आपल्याला ते सगळ्यांना जमणार नाही. पण आपले स्वतःचे नाव कागदावर काय आहे एवढे बघणे जमेल की नाही?

संघाचे गुण गायले, आता दोषही सांगते. मामा रागावणार नाहीत. संघाच्या वार्षिक सभेत खुर्च्या पुरुषांना आणि विधवा बाया पायरीवर, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. त्यांचीच कामे, त्यांच्याचबद्दल ठराव, आणि त्या बाहेर. मी एकदा हे बोलले, तेव्हा मामा जरा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मला उलट विचारले, “तुमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला सुमनवहिनींना बोलावले होते का?”

मला उत्तर देता आले नाही. तुम्हीही बघा देता येते का. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात हेरवाड गावाने २०२२ साली ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्याकडे कुणी ठराव केलेला नाही. फक्त दोन वर्षांपूर्वी आपण तिळगुळाला सगळ्यांना बोलवायला लागलो, आणि त्यावरूनही दोघी आजतागायत माझ्याशी बोलत नाहीत. असो.

संघात मात्र त्या सवालजबाबानंतर बदल झाला. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला दरवर्षी कोणीतरी पाहुणे असत. त्या वर्षी मामा घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, “वहिनी, झेंडा तुम्ही फडकवायचा.” त्या नको नको म्हणत होत्या. मग मामांनी विचारले, “माईकवर नाव काय पुकारू? सुमनबाई, का हौसाबाई?” सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “हौसाच पुकारा. त्यांनी तेच लिवलं होतं.”

झेंड्याची दोरी अडकली. दोनदा ओढून फडकेना, तेव्हा आमच्या ह्यांनी पुढे होऊन गाठ सोडवली. त्या दिवसापासून संघाच्या सभेत पहिल्या ओळीच्या चार खुर्च्या बायांच्या आहेत.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते. संघाने येत्या महिन्यापासून दर मंगळवारी दुपारी दोन ते चार खोली आपल्या मंडळाला दिली आहे. पुरुष नसतील. मी आणि आणखी दोघी बसू, अडेल तिथे मामा आहेत. सैनिकाच्या घरच्या असाल तर डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधारकार्ड आणि बँकेचे पुस्तक आणा. सैनिकाच्या घरच्या नसाल तरी सातबारा आणि विम्याचा कागद आणा. नावे तिथेही अशीच चुकलेली असतात. ट्रंकेची किल्ली नवऱ्याकडून आजच मागून घ्या, वरवंट्याची पाळी आणू नका. आणि माहेरचा शाळेचा दाखला नसेल, तर तुमचे जुने नाव ज्याला आठवते असे माहेरचे एखादे म्हातारे माणूस आहे का, ते लवकर बघा, आणि असेल तर त्याला बरोबर घेऊन या.